निफाड किती?

निरगुडे काका रोज संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या इमारतीच्या मागे येऊन उभे राहत आणि पहिल्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीकडे बघत. हातात एक वीट असे. हाक मारत नसत. मराठी बातम्या संपता संपता हवामान सांगायचे, ते ऐकून मी खिडकीत जायची आणि जितके अंश असतील तितकी बोटं गजांतून बाहेर काढून दाखवायची. काका बोटं मोजत, मान हलवत, वीट खाली ठेवत आणि भाजीच्या वाफ्यांवर पांघरूण घालायला लागत. चार हिवाळे आमचं बोलणं बहुतेक एवढंच होतं.

हे अंश तुळिंजचे, म्हणजे आमच्या नालासोपाऱ्याचे, नसत. निफाडचे असत.

तुळिंजला हिवाळा म्हणजे पंखा एकवर ठेवायचा. फार तर पायांवर चादर. आई स्वेटर काढायची ती उन्हात घालून परत कपाटात ठेवायला. तिथे हा माणूस कार्तिक संपला की गोणपाटं झटकायला घ्यायचा. मुळा, पालक, मेथी, टोमॅटो, काकडीचा एक वेल आणि कुंपणाच्या भिंतीला लावलेला घेवडा, एवढी त्यांची शेती. इमारतीची मागची भिंत आणि कुंपण यांच्यामधली ती आठ-दहा पावलांची पट्टी. बिल्डरने तिथे फरशीचे तुकडे आणि सिमेंटच्या पिशव्या टाकून ठेवल्या होत्या. काकांनी त्या एकट्याने उपसल्या, आणि लोक म्हणाले, निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवाच.

पण ते निवृत्त नव्हते. शेतकरी कुठून निवृत्त होतात? निफाडजवळच्या गावात त्यांचं आणि धाकट्या भावाचं मिळून शेत होतं. बायको गेल्यावर ते मुलाकडे नालासोपाऱ्याला आले, तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. वर्षभरात मुलाची बदली बडोद्याला झाली. मुलगा-सून गेले, टीव्ही गेला, फ्लॅट राखायला काका राहिले. गावी का जात नाहीत, हे आईने एकदा विचारलं. ते म्हणाले, "तिकडं आता माझं काय काम?" आणि मुळ्याची जुडी तिच्या हातात दिली. काका नको असलेल्या प्रश्नाला नेहमी भाजीने उत्तर देत. लोक ती घेऊन जात, आणि प्रश्न तिथेच राही.

त्यांचं पांघरूण पाहायला शेजारच्या इमारतीतली मुलं यायची. वर गोणपाट, आत जुन्या लुगड्यांचं अस्तर, दाभणाने टाचलेलं. बांबूच्या कामट्या वाकवून वाफ्यावर कमान करायची आणि त्यावर हे लांबच लांब कापड ओढायचं. खरं म्हणजे दोन टोकांना दोन माणसं लागतात. काका एकटे होते, म्हणून एका टोकावर वीट ठेवून दुसरं टोक ओढत नेत. अर्ध्यात पोचले की वीट घसरायची. मग परत येऊन वीट सरळ करायची. मी वरून बघत राहायची. खाली जाऊन टोक धरावं असं वाटायचं. पण वाटणं आणि जिना उतरणं यांत माझ्या बाबतीत तेव्हा फार अंतर होतं.

"काका, भाजीला मच्छरदाणी का?" कुणीतरी गॅलरीतून विचारायचं.

"व्हय. तुमच्याकडं मच्छर, आमच्याकडं थंडी."

"लुगडी कशाला वाया घालवता? नुसतं गोणपाट पुरे की."

"गोणपाट चावतं. पानाला आतून मऊ लागलं पायजे."

सकाळी मी शाळेच्या बससाठी निघायची तेव्हा पांघरूण निघालेलं असायचं. त्यात ते उशीर करत नसत. "ऊब मोजून द्यायची असती," म्हणत. "ऊन आल्यावर झाकून ठेवलं तर उकडून मरंल. रात्री झाकलं नाही म्हणून मेलं, आणि सकाळी उघडलं नाही म्हणून मेलं, दोन्ही पाप सारखंच."

रोपं ते नंदाखालच्या एका भाजीवाल्या मावशींकडून घेत. त्या टोपली घेऊन बाजारात बसत. खत म्हणून अर्नाळ्याच्या सुक्या मासळीचा चुराही मावशीच काकांना आणून देत. काका माळकरी. गळ्यात तुळशीची माळ. चुरा घालताना माळ सदऱ्याच्या आत ढकलून, नाकाला उपरणं बांधून, तोंड फिरवून घालत, आणि मावशी हसत. एकदा आईबरोबर बाजारात गेले असताना दोघांचं बोलणं मी ऐकलं होतं.

"हितं थंडीनी काय मरत नाय, काका. पानी कमी पडलं की मरतं. गोधड्या नका घालू, पानी घाला."

"पाणी पण घालतो, बाई."

"मंग गोधडी कोनासाठी?"

काकांनी टोपलीतली कोथिंबीर उचलून बघितली आणि परत ठेवली. तिथे द्यायला त्यांच्या हातात भाजी नव्हती.

बोटांचं हे काम माझ्याकडे कसं आलं, तेही सांगते. आधी ते कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात बातम्या बघायला जात. मग वाण्याने केबल घेतली आणि सातला हिंदी मालिका लावायला लागला. दुसऱ्या दिवशी काका आमच्या दारात. "वैनी, तुमच्याकडं मराठी बातम्या लागतात का? निफाडचा आकडा सांगतात शेवटी. तेवढाच पायजे." आईने आत बोलावलं. "नको, पाय मातीचे आहेत." आई म्हणाली, "मग ही सांगत जाईल खिडकीतून." ही म्हणजे मी. आठवीतली. मला न विचारता.

मी इंग्रजी माध्यमात होते. घरी मराठीच बोलायचो, पण बाहेरच्या मोठ्या माणसाशी बोलायचं तर मला वाक्य आधी मनात जुळवावं लागे, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे. खिडकीतून ओरडून आकडा सांगायचा या कल्पनेनेच मला घाम फुटला. म्हणून पहिल्या दिवशी मी नुसती सात बोटं दाखवली. काका खालून खूश. "इंग्रजी साळेत बोटं मोजायला शिकवतात वाटतं! झ्याक. असंच सांगत जा." मग त्यांनीच नियम केला. दहाच्या खाली असेल तर बोटं दाखवायची. दहाच्या वर असेल तर खिडकीत यायचंच नाही, म्हणजे झाकायची गरज नाही. "तू आली नाहीस की मी समजंल, आज माफी आहे."

सोपा नियम होता. निफाडचा गारठा, तुळिंजचं पांघरूण. मला त्यात काही चमत्कारिक वाटलं नाही, कारण मला कुणी काही काम दिलंय हेच मला मोठं वाटलं होतं. शाळेत मी मागच्या बाकावर बसायची. गटात नाटक असलं की मला पडदा ओढायला देत.

दहावीच्या जानेवारीतली गोष्ट. त्या वर्षी घेवडा चांगला धरला होता. ते बी काकांनी गावाहून येताना आणलेलं, दर वर्षी थोडं राखून ठेवलेलं. फुलं गच्च होती आणि खाली बोटाएवढ्या शेंगा लटकल्या होत्या. दहा दिवसांनी त्यांच्या गावात लग्न होतं. मुलगा बडोद्याहून येणार, एक दिवस इथे थांबून पुढे गावी जाणार होता. काका स्वतः जाणार नव्हते. पण त्यांनी आईला सांगितलं, "पहिला तोडा भावाला पाठवणार. आमच्याच बांधावरचं बी आहे. चव बघितल्यावर ओळखंल तो." एवढं मोठं वाक्य त्यांनी गावाबद्दल कधी उच्चारलं नव्हतं. नंतर आई म्हणाली, दोघा भावांत दहा वर्षं बोलणं नाही म्हणे, मुलाने सांगितलंय. मग काका रोज शेंगा बघायला वाकलेले दिसायचे. वाकत आणि मागे सरत. हात लावत नसत.

त्या संध्याकाळी माझ्याकडे शाळेतल्या तीन मैत्रिणी आल्या होत्या. मैत्रिणी म्हणजे, विज्ञानाच्या प्रकल्पात बाईंनी माझ्या गटात टाकलेल्या. वसई रोडच्या मोठ्या सोसायट्यांत राहणाऱ्या. माझ्या घरी कुणी येण्याची ती पहिलीच वेळ. आईने सामोसे आणले होते. आम्ही खिडकीशेजारच्या पलंगावर पुठ्ठा कापत बसलो होतो, त्या हसत होत्या आणि मीही हसत होते. बाहेरच्या खोलीत बाबांनी बातम्या लावल्या होत्या. शेवटी आकडा आला. निफाड चार. इतका खाली मी कधी ऐकला नव्हता. उत्तरेकडून वारे येताहेत, किनाऱ्यावरही पारा उतरेल, असंही काहीतरी म्हणाले.

मी उठणार, तेवढ्यात एकीने खाली बघितलं. "ए, तो म्हातारा कोण? वर काय बघतोय? हातात वीट आहे त्याच्या!"

तिघी खिडकीशी गोळा झाल्या. "तुमचा वॉचमन आहे का? की वेडा आहे?"

खाली काका उभे होते. पांढरा सदरा, मळका पायजमा, वीट. त्यांना दिसत कमी होतं. खिडकीत चार डोकी दिसली असतील, त्यातलं माझं कुठलं ते कळलं नसेल. ते डोळ्यांवर हात धरून बघत होते.

"कोणी नाही," मी म्हणाले. आणि पडदा ओढला. पडदा ओढायची मला सवय होती.

थोड्या वेळाने मी फटीतून बघितलं तेव्हा मागे कुणी नव्हतं. वाफे उघडेच होते.

मला वाटलं, काय होणार आहे? थंडी निफाडला आहे. इथे कधी काय मरतं?

पण त्या रात्री थंडी आली. नालासोपाऱ्यात जन्मलेल्या माणसांनीही तशी पाहिली नव्हती. सकाळी बसच्या थांब्याकडे जाताना रिक्षावाले पुठ्ठे पेटवून शेकत होते. लोकांनी ट्रंकेतल्या कानटोप्या काढल्या होत्या, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. सगळे जरा आनंदात होते, काहीतरी नवीन घडल्यासारखे. तोंडातून वाफ सोडून दाखवत होते. मी इमारतीच्या मागे न बघता गेले.

संध्याकाळी मात्र गेले. पहिल्यांदा. काकडीचा वेल उकडून काढल्यासारखा लोंबत होता. टोमॅटोची पानं कडेने काळी पडली होती. घेवड्याची सगळी फुलं भिंतीखाली मातीत पडली होती, आणि शेंगा मऊ, पाणी भरल्यासारख्या. मुळा आणि पालक तेवढे उभे होते. काका उकिडवे बसून काळी पानं खुडत होते. बाजूला नंदाखालच्या मावशी उभ्या होत्या, रोपांची रिकामी टोपली कमरेवर घेऊन.

"आमच्या वाडीत पन केळीची पानं काळी पडली," त्या म्हणाल्या. "एवढी वरसं झाली, असं नाय बघितलं. तुमी रोज झाकता आनि कालच नाय झाकलं, काका?"

"चुकलं," काका म्हणाले.

मावशी गेल्या. मी वाक्य बसमध्येच जुळवून आणलं होतं. तेवढंच बोलले. "माझ्याकडे मैत्रिणी आल्या होत्या."

"व्हय, ऐकू येत होतं. चांगलं हसत होत्या."

"निफाड चार होतं."

त्यांचा हात थांबला. "चार," ते म्हणाले. मग पुन्हा खुडायला लागले. "मला गार लागलं होतं गं काल. म्हणलं, म्हाताऱ्याला लागतंच. पोरीनं बघितलंय ना बातम्यांत."

मला रडू येत होतं आणि मी ते दिसू देत नव्हते. काका माझ्याकडे बघत नव्हते, कदाचित मुद्दामच. काळ्या पानांचा ढीग करत करत ते बोलत राहिले. गावाकडे त्यांची भावाबरोबर द्राक्षबाग होती. कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेत जागोजाग पालापाचोळा पेटवून धूर करावा लागतो, पाणी सोडावं लागतं, नाहीतर मणी तडकतात. त्या रात्री पाळी यांची होती. बायको आजारी. तिच्या उशाशी बसले आणि तिथेच डोळा लागला. उठले तेव्हा उजाडलं होतं. बांधावरच्या डबड्यातलं पाणी गोठलं होतं.

"बाग गेली. भाऊ एक शब्द बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बोलला नाही. फक्त दुसऱ्या रात्रीपासून काडेपेटी त्यानं आपल्या खिशात ठेवली. पाळी यायची, मी उठून बसायचो, तो मुकाट्यानं शेजारून निघून जायचा. दोन हिवाळे असं. मग ही गेली, आणि मी पण निघालो."

"मग शेंगांचं?" मी विचारलं.

"आता काय पाठवायचं? ही काळी फुलं?" ते हसले. "जा घरी. गारठा आहे. डोक्याला काहीतरी बांध."

त्या संध्याकाळी सात वाजता मी स्वयंपाकघरात जाऊन बसले होते. बातम्या ऐकू येऊ नयेत म्हणून नळ सोडला होता. आणि खालून हाक आली. चार वर्षांत त्यांनी मारलेली ती एकच हाक.

"पोरी! निफाड किती?"

बाबांनी बाहेरून सांगितलं, "पाच म्हणाले." मी ओल्या हातानेच खिडकीत गेले आणि पाच बोटं दाखवली. काकांनी मोजली. मान हलवली. वीट खाली ठेवली आणि त्या करपलेल्या वाफ्यांवर नेहमीच्या निगुतीने पांघरूण ओढलं.

घेवडा नंतर बुडातून फुटला. फाल्गुनात शेंगा आल्या, लग्न कधीच होऊन गेलं होतं. त्या आम्ही खाल्ल्या. मैत्रिणी पुन्हा आल्या नाहीत. प्रकल्पाला बरे गुण मिळाले.

मी बारावीत असताना डिसेंबरात काका गेले. तीन दिवस ताप, मग रुग्णालय, मग निरोप आला. मी त्यांना भेटायला गेले नाही. परीक्षा होती, असं मी आईला सांगितलं. बडोद्याहून मुलगा-सून आले. गावाहून भाऊ आला. तेच नाक, तोच उंच खांदा, पांढरी टोपी. दहाव्यापर्यंत तो तळमजल्यावर राहिला. कुणाशी फार बोलत नव्हता. दिवसभर मागच्या पायरीवर बसून वाफ्यांकडे बघायचा. त्या वर्षीचा मुळा, पालक आणि घेवडा काकांनी लावलेलाच होता. आई रोज बादलीने पाणी घालत होती.

एका दुपारी ती चहा घेऊन गेली तेव्हा मी मागे होते. घडी करून ठेवलेलं पांघरूण त्याने मांडीवर घेतलं होतं आणि अस्तरावरून हात फिरवत होता. "ही आमच्या वैनीची लुगडी," तो म्हणाला. "हे कशाला केलंय?"

"भाजीवर घालायचे. थंडीचं," आई म्हणाली.

"इथं थंडी असती?"

"कसली थंडी! पंखा लागतो आम्हाला. पण त्यांचं आपलं असायचं. रोज सातला निफाडचा आकडा विचारायचे हिला. तो खाली असला की इथे झाकायचे."

भावाने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. काडेपेटी मला माहीत होती, पहिला तोडा मला माहीत होता, काळी फुलं कुणामुळे पडली तेही. वाक्य जुळेना. तो म्हणाला, "मला कधी विचारलं असतं तर मीच कळवलं असतं." आणि बशीत चहा ओतला, पण प्यायला नाही.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी बातम्या चालू होत्या. काका गेल्यापासून मी त्या ऐकत नव्हते, पण आकडा कानावर पडलाच. मी खिडकीत गेले. सवय, दुसरं काही नाही. खाली अंधारायला लागलं होतं. भाऊ पायरीवर बसला होता, पाठीवर उपरणं, टोपी गुडघ्यावर. मी गजांतून हात बाहेर काढले. एक हात, आणि दुसऱ्या हाताचं एक बोट. त्याने वर बघितलं. त्याला काही कळलं नाही. तो नुसताच बघत राहिला, डोळ्यांवर हात धरून, काका बघायचे तसाच.

पडदा हाताशी होता.

"निफाड सहा!" मी म्हणाले. आवाज एवढा मोठा आला की समोरच्या गॅलरीतल्या बाईने वाळत घातलेले कपडे काढता काढता मान वळवली. स्वयंपाकघरातून आई बाहेर आली.

भाऊ तसाच बसून होता. मग टोपी डोक्यावर घातली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठला. पांघरुणाची घडी उलगडली. कामट्या कशा लावायच्या ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही. एक टोक घेवड्याच्या बुडाशी धरून तो ओढायला लागला, दुसरं टोक मागे मातीतून फरफटत येत होतं. त्याने थांबून इकडेतिकडे बघितलं. वीट कुठे ठेवतात, हे त्याला माहीत नव्हतं.

मी चप्पल घातली आणि दुसरं टोक धरायला खाली गेले.